सुटं मीठ

रविवार, ता. ३, दुपार

वन्सं,

नमस्कार आणि खुशालीची विचारपूस शेवटी करते, कारण दुधाची गाडी संध्याकाळी येते आणि तिचा ड्रायव्हर माझ्यासाठी घटकाभरही थांबत नाही. तो रोज तुमच्या लाँड्रीच्या दारावरून जातो, हे मला परवा कळलं. इतकी वर्षं मी तुमचा पत्ता शोधत होते आणि पत्ता माहीत असलेला माणूस सकाळ-संध्याकाळ आमच्याच गोठ्यापुढे उभा राहून दुधाचे कॅन चढवत होता. हसा हवं तर.

तर बातमी अशी की गवताची वखार पुन्हा उभी राहिली. यांनी एकट्यानं, सवड मिळेल तशी बांधली, मामंजींच्या वखारीच्याच जोत्यावर. पत्र्याखाली वारा खेळायला फट ठेवलीय, दार रुंद केलंय. आत अजून गवताची एक काडी नाही, नुसता नव्या लाकडाचा वास. मी रोज एकदा उगीचच आत जाऊन उभी राहते.

आणि गवत म्हणाल तर या खेपेचं गवत तुम्ही बघायला हवं होतं. काल कापलं तेव्हा माझ्या कमरेला लागत होतं. आज ओळींनी पसरलंय, सकाळी दव उडाल्यावर एकदा पालटलं, आणि आता स्वयंपाकघरातल्या फडक्यांनासुद्धा त्याचा वास येतोय. माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालंय. ताटावर बसले तरी एक डोळा शेताकडे.

आता घोटाळा ऐका. ओल मोजायचं यंत्र कामातून गेलं. तुम्ही गेल्यावर यांनी आणलं होतं, लांब सळईचं, गवतात खुपसलं की आकडा दाखवणारं. यांचा त्यावर इतका जीव की उशाशी घेऊन निजायचं तेवढं बाकी होतं. परवा तांबड्या गाईनं त्यावर पाय दिला. तेव्हापासून ते गवताची ओल अठ्ठ्याऐंशी दाखवतं, जेवणाच्या टेबलाची अठ्ठ्याऐंशी आणि यांच्या तळहाताचीही अठ्ठ्याऐंशीच. दुरुस्तीवाला म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू. आणि शुक्रवारी पाऊस सांगितलाय.

म्हणजे गठ्ठे कधी बांधायचे ते आता आपल्याच अकलेवर ठरवायचं. उशीर केला तर पान झडून नुसत्या काड्या हाती येणार. घाई केली तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ओला गठ्ठा पोटातून तापत जातो आणि एक दिवस पेटतो, हे या घराइतकं कुणाला ठाऊक असणार.

म्हणून विचारते. तुमची बरणी अजून फडताळात आहे, ती रुंद तोंडाची, मामंजींच्या वेळची. तिच्यात गवताचे तुकडे आणि मूठभर मीठ घालून तुम्ही हलवायचात. मीठ सुटं राहिलं तर गवत वाळलं, मिठाचे गोळे झाले तर ओल आहे, एवढं आठवतं. पण किती वेळ हलवायचं, गवत ओळीच्या वरचं घ्यायचं की तळातलं? उत्तर ड्रायव्हरकडेच द्या.

हे तुमची आठवण काढतात. गोठ्यातली मंडळी मजेत आहेत. तुम्ही कशा आहात?

तुमचा,
भोंगा

ता.क. हे नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा आता एवढं लांबलचक पत्र निमूट वाचा.

सोमवार, ता. ४, संध्याकाळ

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ. "त्या बरणीनं वखार जाळली, तिचं मला विचारू नकोस." लाँड्रीत कपड्यांबरोबर माणसांचं बोलणंही आटतं वाटतं.

आधी मला रडू आलं, मग राग आला, मग ड्रायव्हरलाच खोदून विचारलं. तो म्हणाला, "बाईंनी पत्र तिथंच उभ्यानं वाचलं, घडी घातली, झग्याच्या खिशात टाकलं आणि पुन्हा इस्त्रीला लागल्या. परत काढून वाचलं तेव्हा चादर जळायची राहिली." चादरीचं ऐकून मला बरं वाटलं, खरं सांगते.

त्या वर्षाबद्दल आपण कधी बोललोच नाही, तर आज मीच बोलते. बरणी तुम्ही हलवलीत, मीठ सुटं राहिलं, तुम्ही गवत पास केलंत. मामंजींचा रिवाज, ज्यानं गवत पास केलं त्यानंच वखारीत पहिला गठ्ठा ठेवायचा, म्हणून तो तुम्ही ठेवलात. आणि महिना भरायच्या आत वखार आतून पेटली. जनावरं वाचली, मामंजींच्या हातचं लाकूड गेलं. सगळे शेजारी बादल्या घेऊन उभे असताना यांनी तुम्हाला म्हटलं, "यापुढं तुझा हात गवताला लागता कामा नये." जन्म गवतात काढलेल्या बाईला असं बोलल्यावर ती बॅग भरणार नाही तर काय करेल. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला दोघांचाही राग आला होता, यांचा बोलल्याबद्दल, तुमचा काहीच न बोलल्याबद्दल.

आणखी एक. हे तुमची आठवण काढतात असं मी काल लिहिलं, ते माझ्या पदरचं होतं. हे तुमचं नावही काढत नाहीत आणि ही पत्रं यांना ठाऊक नाहीत. पण मागच्या थंडीत तुमच्या खोलीच्या खिडकीची कडी सैल झाली, ती कुणी न सांगता यांनी बसवली. त्या खोलीत कुणी राहत नाही. याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा.

बरणीचं म्हणाल तर तुम्ही नाही सांगितलंत, मी अंदाजानं केलं. ओळीच्या तळातलं गवत घेतलं, कात्रीनं बोटभर तुकडे केले, मीठ घातलं, हात भरून येईस्तोवर हलवलं. मीठ सुटं राहिलं. चमकदार, बरणीभर सळसळणारं. मी आनंदानं उडालेच. हे दारात उभे राहून बघत होते.

"बरणी ठेव आत," हे म्हणाले. "मला तिचं काही सांगू नको. गवत माझ्या कानाला वाळलेलं वाजतंय. उद्या दुपारी बांधायला घेऊ."

मी म्हटलं, "बरणीही तेच म्हणतेय."

यावर यांचा चेहरा असा झाला की मी बरणी घेऊन आत गेले.

म्हणजे यांचा कान म्हणतोय वाळलं, बरणी म्हणतेय वाळलं, आणि मला एकटीला ते पटत नाहीये. पान हातात चुरलं तर कुरकुरतं, पण काडीचं पेर नखानं सोललं तर आतून गार लागतं. तुम्हीच शिकवलं होतंत की पान लबाड असतं, पेर खरं बोलतं. मग बरणी पेराच्या विरुद्ध कशी जाते? डोक्याचा भुगा झालाय. सांगा काहीतरी. दोन ओळी लिहा, चैन म्हणून.

तुमचा,
भोंगा

मंगळवार, ता. ५, संध्याकाळ

वन्सं,

बसल्या असाल तर उभ्या राहा, उभ्या असाल तर बसा, आणि हातात इस्त्री असेल तर आधी ती खाली ठेवा.

सकाळी वासरांसाठी बांधावरचं हिरवं गवत कापून आणलं होतं. दुपारपर्यंत ते जरा कोमेजलं, पण हात लावला तर थंडगार. बरणी टेबलावरच होती. मनात आलं, बघू तरी ओल्या गवतात मीठ कसं दिसतं, म्हणजे उद्या-परवा आपल्याला ओळखू येईल. तुकडे केले, मीठ घातलं, हलवलं.

मीठ सुटं.

मला वाटलं, मीच काहीतरी चुकले. ओतून टाकलं, बरणी पुसली, पुन्हा केलं. काही काडीला चिकटलं तेवढंच, बाकी सगळं मीठ वाळूसारखं बरणीच्या या अंगावरून त्या अंगावर. वन्सं, ते गवत मी तासाभरापूर्वी वासरांपुढे टाकणार होते. त्याला वाळलेलं म्हणणारी बरणी मला उद्या नदीलाही वाळलेली म्हणाली असती.

मग मी मिठाच्या पुडीकडे बघितलं. रोज बघते, पण आज बघितलं. निळी पुडी. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय की मीठ सुटं राहावं म्हणून त्यात पूड मिसळलीय. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, त्या फडताळापुढेच मी खाली बसले.

आठवतंय का, आधी आपण मीठ पोत्यातलं आणायचो, जाडंभरडं. दमट हवेत चिनीमातीच्या बरणीत त्याचा दगड व्हायचा, सासूबाई उलथन्याच्या दांड्यानं फोडायच्या. मग दुकानदारानं पोतं ठेवणं बंद केलं आणि पुड्या आल्या. कधी आल्या? त्याच वर्षी, त्याच कापणीच्या आधी. पहिली पुडी तुम्ही फोडलीत, मीठ बोटांतून सोडलंत आणि मला म्हणालात, "भोंग्या, बघ, काय छान सुटतंय, गोळा म्हणून होत नाही." मला तुमचा हात अजून दिसतोय. स्वयंपाकघरात आपण गोळा होत नाही म्हणून कौतुक करत होतो आणि बरणीत त्याच मिठाचा गोळा व्हायची वाट बघत होतो.

तुमचा अंदाज चुकला नव्हता. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मीठ बदललं होतं.

तेवढ्यात शेतातून मशीनचा आवाज आला. हे बांधायला लागले होते.

मी गोठ्यात पळाले. जनावरांच्या आंबोणात घालायचं जाडं मीठ पोत्यात होतंच. तव्यावर परतून कोरडं केलं, गार व्हायला धीर नव्हता म्हणून पंख्याखाली धरलं. एका बरणीत शेतातलं गवत आणि पुडीतलं मीठ, दुसरीत तेच गवत आणि जाडं मीठ. दोन्ही कडेवर लेकरं घेतल्यासारख्या घेतल्या आणि चप्पल न घालता निघाले. कापलेल्या गवताचे सड तळव्यांत घुसत होते, त्याचंही भान नव्हतं. पळताना बरण्या आपोआप हलत होत्या, तेवढंच काम वाचलं.

मशीनच्या समोर जाऊन उभी राहिले. मागे आठ गठ्ठे पडलेले होते.

"बाजूला हो," हे म्हणाले.

"आधी ह्या बघा."

"मशीन चालू आहे."

"मग बंद करा. मी हलणार नाही."

तुम्ही यांना ओळखता. आधी माझ्याकडे, मग आभाळाकडे, मग घड्याळाकडे बघून झालं, तेव्हा कुठं मशीन बंद केलं. मी दोन्ही बरण्या यांच्या हातात दिल्या. उजव्या बरणीत मीठ झरझर वाहत होतं. डावीत ते मळकं झालं होतं, काचेला चिकटलं होतं, तळाशी गोळे. गवत तेच, एकाच ओळीतलं. यांनी बरण्या हलवल्या, झाकणं काढली, बोट घातलं, पुन्हा हलवल्या. मग स्वतः खाली उतरून दुसरं गवत घेतलं, चाकूनं कापलं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, हातांना काहीतरी हवं होतं म्हणून. पुन्हा तेच झालं.

मग यांनी विचारलं, "ताईनं तेव्हा कुठलं मीठ घेतलं होतं?"

वन्सं, "ताई" हा शब्द या माणसाच्या तोंडून मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मी नुसतं म्हटलं, "पुडीतलं." हे ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावून खाली बसले आणि तोंडावरून हात फिरवत राहिले. मी शेजारी बसले. मला एकीकडे हुंदके येत होते आणि दुसरीकडे उठून नाचावंसं वाटत होतं, आणि पायातून रक्त येतंय हे मला यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

ते आठ गठ्ठे वखारीपासून लांब, उघड्यावर नेऊन ठेवलेत. बाकीचं गवत हलक्या हातानं पालटलं. उद्याचं ऊन मिळालं पाहिजे.

पत्रांबद्दल यांना सांगून टाकलं. हे म्हणाले, "ड्रायव्हर मला पहिल्याच दिवशी बोलला होता." तो माणूस दूध सोडून काहीही पोटात ठेवू शकत नाही.

तुमचा,
भोंगा

गुरुवार, ता. ७, सकाळ

वन्सं,

बांधलं. सगळं बांधलं.

काल सकाळपासून मी दर थोड्या वेळानं बरणी हलवत होते, जाड्या मिठाची. आधी गोळे, मग ओलसर, दुपारी नुसतं मळकं. हे दर वेळी काम सोडून येऊन बघत, लहान मुलासारखे मान वाकडी करून. ऊन उतरायला लागलं आणि मीठ चमकलं. खडा खड्यापासून सुटा, काचेवर एक चिकटलेला नाही. पेर सोललं, तेही कोरडं. मी बरणी डोक्यावर धरून ओरडले. तुम्ही लाँड्रीत ऐकलंच असेल, उगीच भोंगा नाही म्हणत.

मग काय धावपळ झाली म्हणून सांगू. थोडा उशीर केला असता तर पान झडलं असतं. हे मशीनवर, मी मागे, शेजारच्या दोघी जावा न बोलावता आल्या. शेवटची ओळ बांधली तेव्हा दव पडायला सुरुवात व्हायचीच होती. गठ्ठा हातात घेतला की हलका, हिरवा, आणि नाक खुपसलं तर वास असा की आपणच गाय असतो तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हे लोखंडी सळई घेऊन त्या आठ गठ्ठ्यांकडे गेले. सळई आत खुपसली, थोड्या वेळानं बाहेर काढली आणि मुठीत धरली. लगेच सोडून दिली. एका दिवसात एवढा ताप. "हे जर आत रचले असते," एवढंच म्हणाले. मग ते गठ्ठे फोडून पुन्हा पसरून टाकले. आज सकाळी चांगल्या गठ्ठ्यांत सळई घातली तर गार निघाली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. उद्या पाऊस आहे. वखार तयार आहे. गवत तयार आहे. आणि गठ्ठे अजून बाहेर, दारापुढे, ताडपत्रीखाली आहेत. कारण तुमचे बंधुराज ते आत नेऊ देत नाहीत.

मी पहिला गठ्ठा उचलला तर म्हणाले, "ठेव खाली."

"का? पास मी केलंय."

"बरणी ताईची. हलवायची रीत ताईची. पेर सोलून बघायचं तुला तिनं शिकवलं. पास तिनं केलंय. रिवाज म्हणजे रिवाज."

"आणि पाऊस आला म्हणजे?"

"म्हणून तर म्हणतो, लिही तिला."

मी म्हटलं, तुम्हीच लिहा, शब्द तुमचा गेला होता, तुम्हीच परत घ्या. पेन घेऊन बसले. "ताई" लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, कागद फाडला, दुसरा घेतला. शेवटी पेन माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो होतो. हे कागदावर गुपचूप कसं लिहू? तिला म्हणावं, ये. शेजारच्यांनाही बोलावतो. त्यांच्या देखतच सांगतो."

आणि बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं तर दुधाची गाडी आली होती आणि हे ड्रायव्हरच्या शेजारची सीट ओल्या फडक्यानं पुसत होते, मग कोरड्या फडक्यानं. ड्रायव्हर बाजूला उभा राहून बघत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला निघायची घाई नव्हती.

ती सीट उद्या सकाळी तुमच्या दाराशी थांबेल. खोलीची खिडकी मी उघडून ठेवलीय, कडी घट्ट आहे. येणार असाल तर या. नाही आलात तर हे गवत भिजवतील, पण आत नेणार नाहीत, आणि मग पुढचे सहा महिने तांबडी गाय माझ्याकडे कशी बघेल याचा विचार करा.

हॉर्न वाजतोय.

तुमचा,
भोंगा

गुरुवार, ता. ७, संध्याकाळच्या गाडीनं आलेलं कार्ड

भोंग्या,

सकाळच्या गाडीनं येते. ताडपत्री खालून मोकळी ठेव, वारा जाऊ दे. आज रात्री गठ्ठे दव खातील, उद्या मी आल्यावर वरचा थर पुन्हा बरणीत बघू, मगच आत. मीठ जनावरांचंच.

शेजारच्यांना बोलावू नका. त्यांच्यासमोर काय बोलायचं ते तो मागेच बोलला आहे. त्याला म्हणावं, हात मोकळे ठेवून दारात उभा राहा. पहिला गठ्ठा दोघांनी धरायचा आहे, मला आता एकटीला उचलवत नाही.

ताई